भट्टीतून निसटणारा धातू: जावरच्या जस्ताचा इतिहास

१/ समई, घागर, तपेली, निरांजन. मराठी घरांतील ही जुनी भांडी पितळी, म्हणजे तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाची. या मिश्रणाच्या इतिहासात एक कोडे आहे. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस, पितळी नाणी सर्रास पाडली जात होती. मात्र त्यातील जस्त हा स्वतंत्र धातू असल्याचे युरोपातील रसायनशास्त्राने प्रयोगाने दाखवून दिले ते अठराव्या शतकात. मिश्रण आधी आणि घटक इतक्या उशिरा, असे का घडले?

२/ या कोड्याचे उत्तर रसायनात आहे, आणि ते सोडवणाऱ्यांचा माग राजस्थानात उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या जावर या गावी लागतो. कारागिरांनी तेथे कित्येक शतके जस्त काढले. त्यांचे तंत्र, त्यामागचे विज्ञान आणि त्याचा शेवट यांचा हा धागा.

३/ प्रथम थोडे मूलभूत रसायन. सोन्यासारखे मोजके धातू निसर्गात सुटे सापडतात. बाकीचे बहुतेक धातू ऑक्सिजन, गंधक किंवा कार्बोनेट यांच्याशी संयोग पावून दगडाच्या रूपात असतात. अशा दगडाला ‘धातुक’ म्हणतात. त्यातून धातू काढायचा म्हणजे हा संयोग तोडायचा. प्राचीन काळी हे काम लोणारी कोळसा करी. तापलेल्या भट्टीत कोळशातील कार्बन धातुकातील ऑक्सिजन ओढून घेतो आणि धातू मोकळा होतो. या क्रियेचे नाव ‘क्षपण’.

४/ तांबे, शिसे, लोखंड यांच्या बाबतीत ही क्रिया सरळ आहे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. मोकळे झालेले तांबे व शिसे द्रवरूपात भट्टीच्या तळाशी जमते. लोखंड जुन्या भट्ट्यांत वितळत नसे, पण त्याचा सच्छिद्र गोळा तरी हाती येई. तिन्ही धातू भट्टीतच राहतात. भट्टी थंड झाली की कारागिराला आपल्या श्रमाचे फळ डोळ्यांनी दिसते.

५/ जस्त येथेच वेगळे पडते. ते ४२० अंशांना वितळते आणि ९०७ अंशांना उकळून त्याची वाफ होते. मात्र कोळशाच्या साह्याने जस्ताच्या ऑक्साइडचे क्षपण नीट होण्यास हजार अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक उष्णता लागते. म्हणजे जस्त ज्या तापमानाला मोकळे होते ते त्याच्या उकळबिंदूच्या वर आहे. भट्टीत जस्त जन्मते ते वाफ होऊनच.

६/ ही वाफ हवेला भेटताच पेट घेते आणि पुन्हा ऑक्साइड बनते. भट्टीत ऑक्सिजन कमी असला, तरी थंड होताना कार्बन डायऑक्साइड तिला परत ऑक्साइडकडे नेतो. उघड्या भट्टीत जस्ताचा दगड घालणाऱ्याला तळाशी काहीच मिळत नसे. वर पांढरा धूर दिसे आणि भट्टीच्या भिंतींवर पांढरी भुकटी साचे. त्या धुरात धातू आहे, हे कशावरून कळावे?

७/ तरीही पितळ बनत होते, कारण तांब्याने ही वाफ पकडली. तांब्याचे तुकडे, जस्ताचे धातुक आणि कोळसा बंद मुशीत तापवले की मोकळी झालेली जस्ताची वाफ घन तांब्यात शिरते. तांबे वितळण्याआधीच ते पिवळे होते. या पद्धतीला मर्यादा होती. पितळातील जस्ताचे प्रमाण साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या पुढे जात नसे.

८/ कारागिराच्या दृष्टीने येथे दोन धातू मिसळलेच नव्हते. एका दगडाने तांब्याला रंग चढवला होता. संस्कृत रसग्रंथांत या दगडाला ‘रसक’ किंवा ‘खर्पर’ म्हटले आहे. मराठी वैद्यांची कलखापरी ती हीच. तांब्याला सोन्याचा वर्ण देणारे द्रव्य म्हणून रसतंत्रात तिला मोठा मान होता. जे डोळ्यांना दिसत होते, त्यावरून काढलेला हा तर्क सुसंगतच होता.

९/ इराणात याच धुराचा निराळा उपयोग झाला. तेराव्या शतकात मार्को पोलोने किरमान प्रांतातील भट्ट्यांचे वर्णन केले आहे. जस्तयुक्त माती तापवायची, वर जाळी ठेवायची आणि तिच्यावर साचलेला थर खरवडून घ्यायचा. हे ‘तूतिया’, म्हणजे अशुद्ध जस्त ऑक्साइड. ते डोळ्यांच्या औषधासाठी दूरदूर जाई. इराणी कारागिरांनी धूर पकडला, पण हवेशी संयोग होऊन गेल्यावर.

१०/ धूर धातू असतानाच पकडायचा, तर तीन अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. क्षपण बंद पात्रात, भरपूर कोळशाच्या सान्निध्यात व्हावे. पात्र हजार अंशांहून अधिक तापावे. आणि त्याच पात्राचे दुसरे टोक इतके थंड राहावे की वाफ तेथे पोहोचताच द्रव होईल. एका टोकाला आग आणि वीतभर अंतरावर गारवा, ही खरी अडचण होती. जावरच्या कारागिरांनी ती सोडवली.

११/ अरवलीच्या रांगांत, टीडी नदीच्या काठी जावर वसले आहे. मोचिया मगरा, बलारिया, जावरमाला या तेथील टेकड्यांच्या डोलोमाइट खडकात जस्त आणि शिसे यांची सल्फाइडे एकत्र आढळतात. जुन्या खाणींत सापडलेल्या लाकडांच्या कार्बन-कालमापनावरून येथील खाणकाम ख्रिस्तपूर्व शतकांपर्यंत मागे जाते. जस्ताचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन बरेच नंतरचे, मध्ययुगातले.

१२/ कामाची पहिली पायरी भाजणीची. सल्फाइडवर कोळशाची मात्रा थेट चालत नाही. म्हणून धातुक फोडून, निवडून हवेत भाजत. गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन उडून जाई आणि मागे जस्ताचे ऑक्साइड उरे. हा वायू घसा व डोळे जाळणारा. जावरच्या दरीत कामाच्या हंगामात त्याचा उग्र वास कोंडून राहत असणार.

१३/ भाजलेल्या भुकटीत डोलोमाइट, मीठ आणि कोळशाचे काम करणारे सेंद्रिय पदार्थ मिसळून लहान गोळ्या वळत. गोळ्या वळण्याला कारण होते. भुकटी दाबून भरली तर आतली वाफ बाहेर पडण्यास वाट राहत नाही. गोळ्यांच्या फटींतून ती निघून जाते.

१४/ मूस मातीची, वांग्याच्या आकाराची, साधारण वीतभर ते हातभर लांब. तिच्या तोंडाला मातीचीच निमुळती नळी लिंपून बसवत. भरलेली मूस भट्टीत उलटी, म्हणजे नळी खाली करून ठेवायची असे. मग आतल्या गोळ्या खाली का पडत नसत? नळीतून आत एक काडी खोवलेली असे. सुरुवातीला ती गोळ्यांना आधार देई. पुढे ती जळून जाई, तोवर गोळ्या उष्णतेने एकमेकींना चिकटलेल्या असत आणि जळालेल्या काडीच्या जागी वाफेसाठी वाट तयार झालेली असे.

१५/ भट्टी दोन मजली होती. मध्ये छिद्रे असलेल्या भाजक्या मातीच्या पट्ट्या. मोठ्या छिद्रांतून मुशींच्या नळ्या खालच्या कक्षात उतरत, लहान छिद्रांतून राख पडे. वरच्या कक्षात मुशींभोवती आग, खालच्या कक्षात गारवा. एका भट्टीत सहा गुणिले सहा, अशा ३६ मुशी उभ्या राहत. भट्टीची बाजू एक मीटरहूनही कमी.

१६/ उत्खननात अशा सात भट्ट्या एका ओळीत मिळाल्या. म्हणजे एका वेळी २५२ मुशी. प्रत्येक मुशीभोवतीची उष्णता ११०० ते १२०० अंशांच्या दरम्यान काही तास टिकवावी लागे. आच कमी पडली तर क्षपण अपुरे राहते. ती जास्त झाली तर मातीची मूस मऊ पडून वाकते. तापमापक नसलेल्या काळात हा तोल केवळ ज्वाळेच्या रंगावर आणि अनुभवावर सांभाळला जाई.

१७/ आत काय घडे? कोळसा भरपूर असल्याने मुशीत कार्बन मोनॉक्साइडचे प्राबल्य राही आणि जस्ताची वाफ ऑक्साइड होण्यापासून वाचे. हाच वायू नळीतून बाहेर ढकलला जात असल्याने बाहेरची हवा आत शिरत नसे. वाफ नळीतून उतरताना ९०७ अंशांच्या खाली येई, द्रव होई आणि थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात पडे. रसशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर हे अधःपातन.

१८/ या कृतीशी जुळणारे वर्णन ‘रसरत्नसमुच्चय’ या साधारण तेराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात आहे. रसकात हळद, हिरडा, राळ, क्षार-लवणे, काजळी, टाकणखार, बिब्बा अशी द्रव्ये खलायची आणि मिश्रण नळीच्या मुशीत घालून तापवायचे. ज्वाळा निळीची पांढरी झाली की मूस चिमट्याने धरून तोंड खाली करायचे. कथलासारखे चकाकणारे जे सत्त्व खाली पडते, ते घ्यायचे. वांग्याच्या आकाराच्या ‘वृंताक मूषे’चेही वर्णन याच ग्रंथात येते.

१९/ ज्वाळेच्या रंगाची खूण आजच्या रसायनालाही पटणारी आहे. कार्बन मोनॉक्साइड निळ्या ज्वाळेने जळतो. जस्ताची वाफ निघू लागली की तिच्या ऑक्साइडमुळे ज्वाळा पांढरी दिसते. हळद, हिरडा, राळ, काजळी यांचे कामही समजण्यासारखे आहे; तापल्यावर त्यांचा कार्बन होतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली आपल्या ‘हिंदू रसायनाचा इतिहास’ या इंग्रजी ग्रंथाच्या पहिल्या खंडात या कृतीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

२०/ तरी ग्रंथ आणि भट्टी यांत अंतर आहे. ग्रंथातील रसाचार्य एक मूस चिमट्यात धरतो. जावरचा कारागीर २५२ मुशी एका आगीवर सांभाळतो. काडीची युक्ती, छिद्रांच्या पट्ट्या, भट्ट्यांची ओळ यांचे वर्णन ग्रंथात नाही. ते ज्ञान माती मळणाऱ्या, मुशी घडवणाऱ्या आणि आच राखणाऱ्या हातांत होते. ग्रंथकर्त्याचे नाव परंपरेने वाग्भट असे सांगितले जाते. भट्टीवाल्यांपैकी एकाचेही नाव नोंदलेले नाही.

२१/ या उद्योगामागे राज्याचा आधार होता. मेवाडच्या परंपरेत जावरच्या खाणींची भरभराट महाराणा लाखा याच्या कारकिर्दीशी, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीशी जोडली जाते. महाराणा कुंभाची कन्या रमाबाई हिने १४९७ साली जावर येथे विष्णुमंदिर व कुंड बांधवले. जैन मंदिरांचे अवशेषही तेथे आहेत. खाणीच्या गावी संपत्ती आणि वस्ती कशी वाढली होती, याच्या या खुणा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजल जस्ताची नोंद करतो आणि त्याची खाण अजमेर सुभ्यात असल्याचे सांगतो.

२२/ सुटे जस्त हाती आल्याने काय बदलले? पितळातील जस्ताचे प्रमाण आता हवे तसे ठरवता येऊ लागले. दख्खनपुरते पाहायचे तर मराठवाड्याला लागून असलेल्या बिदरची बिदरी कला धातुरूप जस्ताशिवाय शक्यच नव्हती. बिदरी भांड्याचा ओतीव भाग बहुतांशी जस्ताचा असतो, त्यात थोडे तांबे. बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या लेपाने हा मिश्रधातू काळा पडतो. त्यात जडवलेली चांदी मात्र पांढरीच राहते.

२३/ जस्त काढणारी दुसरी मोठी परंपरा चीनची. १६३७ साली प्रसिद्ध झालेल्या सुंग यिंगशिंगच्या ‘थिएनकुंग खाय्वू’ या ग्रंथात तिचे वर्णन आहे. चिनी पद्धतीत वाफ मडक्यात वर चढून त्याच्या वरच्या भागातील खोबणीत थिजे; जावरला ती खाली उतरे. रसायन एकच, पण वाटा उलट्या. म्हणून एकाने दुसऱ्याची नक्कल केली, असे सरसकट म्हणता येत नाही.

२४/ सतराव्या-अठराव्या शतकांत आशियाई जस्त जहाजांतून युरोपला जाई. पोर्तुगीज व्यापारी त्याला ‘तुतेनागा’ म्हणत. कोशकार या शब्दाचे मूळ तुत्थ आणि नाग या भारतीय शब्दांत शोधतात आणि त्या संदर्भात मराठीचाही उल्लेख करतात. १७४५ साली ‘योतेबोर्य’ हे स्वीडिश जहाज चीनहून परतताना आपल्याच बंदराजवळ बुडाले. त्याच्या मालात जस्ताच्या लाद्या होत्या, आणि पुढे झालेल्या तपासणीत ते जस्त अतिशय शुद्ध निघाले.

२५/ इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ साली जस्त काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्याच्या भट्टीतही वाफ मोठ्या मुशीच्या तळातील नळीने खालच्या थंड कक्षात उतरे. १७४६ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्गग्राफ याने बंद पात्रात कलखापरी आणि कोळसा तापवून जस्त वेगळे केले. पाठ्यपुस्तकांत जस्ताच्या शोधाचे श्रेय बहुधा त्याला मिळते. त्या वेळी जावरच्या परंपरेला कित्येक शतके झाली होती.

२६/ चॅम्पियनची कल्पना भारतातून गेली का? अधोमुख ऊर्ध्वपातनाचे साम्य लक्षणीय आहे आणि काही अभ्यासकांनी तशी शक्यता मांडली आहे. परंतु दोन्हींना जोडणारा कागद पुढे आलेला नाही. ‘चोरी’ असा निकाल देणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. ‘युरोपने शोध लावला’ हे विधान तर पुराव्यापुढे टिकतच नाही.

२७/ शेवटाच्या कथेत मराठी माणसाचा संबंध येतो, आणि तो अभिमानाचा नाही. १७६९ साली महादजी शिंदे यांच्या फौजेने उदयपुरास वेढा घातला. खंडणीच्या तडजोडीत मेवाडचा नीमचसारखा मुलूख हातचा गेला. पुढील अर्धशतकात शिंदे-होळकरांच्या वसुल्या, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि सरदारांची आपसांतील भांडणे यांनी मेवाड खिळखिळा झाला. त्यातच १८१२-१३ चा भीषण दुष्काळ आला आणि जावरच्या भट्ट्या विझल्या. १८१८ च्या आरंभी मेवाडने कंपनीशी तह केला. तोवर जावर ओसाड होते.

२८/ जावरच्या अंताचे सारे खापर एका फौजेवर फोडणे योग्य होणार नाही. परदेशी जस्ताची स्पर्धा होती, आणि दुष्काळाने माणसेच उरली नव्हती. पण खाणीतला उपसा, जंगलातले लाकूड, मुशींसाठी माती आणि पगार देणारे राज्य या चारही गोष्टी अखंड मिळाल्या तरच असा उद्योग जगतो. अस्थिर मुलुखात त्यांतील एकही टिकली नाही. त्या अस्थिरतेत मराठी सत्तेचा वाटा होता, हे मराठीत स्पष्टपणे लिहिले गेले पाहिजे.

२९/ १८५० साली कॅप्टन ब्रुक याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात जावरच्या खाणींवर टिपण लिहिले, तेव्हा पाहण्यास भट्टी उरली नव्हती. आच राखण्याची कला बापाकडून मुलाकडे जाते. एका पिढीत काम थांबले की ती संपते. ‘रसरत्नसमुच्चया’च्या पोथ्या तेव्हाही देशभर होत्या. पोथी वाचून जावरची भट्टी पुन्हा कोणी पेटवली नाही.

३०/ विसाव्या शतकाच्या मध्यास जावरला आधुनिक खाणकाम सुरू झाले आणि १९६६ साली हिंदुस्तान झिंक ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९८३ साली ही कंपनी, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि ब्रिटिश म्युझियम यांच्या संयुक्त उत्खननात मुशींसह जागच्या जागी राहिलेल्या भट्ट्या उघड्या झाल्या. धागा क्र. १४ ते १६ मधील तपशील मुख्यतः याच उत्खननाने दिला. १९८८ साली अमेरिकेतील धातुविज्ञानाच्या संस्थेने जावरला ऐतिहासिक स्थळाचा मान दिला.

३१/ जावर येथे आजही वापरून टाकलेल्या मुशींचे ढीग दिसतात. अभ्यासक त्यांचे वजन लाखो टनांत मोजतात. प्रत्येक मूस एकदाच वापरली गेली. ग्रामस्थांनी पुढे याच मुशी एकमेकींवर रचून घरांच्या आणि आवारांच्या भिंती बांधल्या. ‘जस्त प्रथम कोणी शोधले’ या वादात ग्रंथ आणि पेटंट यांची नावे येतात. ज्यांनी ते शतकानुशतके काढले, त्यांच्या कामाची नोंद या भिंतींत आहे. काही मुशींवर त्या घडवणाऱ्यांच्या बोटांचे ठसेही असतील.

(धागा समाप्त)